आठ महिने काटागोसोबत: गोचा पूर्ण पट बघायला शिकताना

गेल्या पावसाळ्यात मी आणि बाबांनी गो खेळायला सुरुवात केली. रेघांच्या छेदबिंदूंवर आळीपाळीनं काळे-पांढरे खडे ठेवायचे, समोरच्याचे खडे पूर्ण वेढले की ते कैद, आणि शेवटी ज्याचे वेढलेल्या जागेचे गुण जास्त तो जिंकला, असा हा खेळ. पट घरीच केला. प्लायवूडच्या फळीवर पेन्सिलनं १९ उभ्या, १९ आडव्या रेघा मारल्या आणि खड्यांऐवजी तुळशीबागेतून काळी आणि पांढरी बटणं आणली, प्रत्येकी एक ग्रोस. खऱ्या संचात काळे १८१ आणि पांढरे १८० खडे असतात, कारण पटावर ३६१ बिंदू आहेत. पण आमचे डाव १४४ बटणांत भागतात.

आधी दोन महिने आम्ही फळीच्या कोपऱ्यातले ९ बाय ९ एवढेच बिंदू वापरले. ८१ बिंदूंवर एक झटापट सुरू झाली की तीच पटभर पसरते आणि ती जिंकणारा डाव जिंकतो. मग पूर्ण पटावर आलो आणि तेच करत राहिलो. एका कोपऱ्यात चाळीस खडे, बाकी तीन कोपरे रिकामे. मी बाबांचे तीन खडे कैद करायची, आनंदायची, आणि मोजणीत तीस-चाळीस गुणांनी हरायची. का हरले हे दोघांनाही सांगता यायचं नाही. त्या प्रश्नासाठी मी काटागो घेतलं.

काटागो हे डेव्हिड वू यांनी २०१९ मध्ये खुलं केलेलं, पूर्ण मोफत इंजिन, म्हणजे गो खेळणारा आणि डाव तपासणारा संगणक प्रोग्राम आहे. मार्च २०१६ मध्ये सोलला गूगल डीपमाइंडच्या अल्फागो या प्रोग्रामनं कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडोलला ४-१ असं हरवलं, त्या घराण्यातलंच हे. मी ते काट्रेन नावाच्या प्रोग्राममधून वापरते. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे डाव तपासायला लावून मी कुकर चढवते आणि जेवणं झाल्यावर बघायला बसते. हळू चालतं, पण चालतं.

याचं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वैशिष्ट्य म्हणजे ते गुण सांगतं. अमुक चालीनं तुमचे सात गुण गेले, असं. जिंकण्याची टक्केवारीही दिसते, पण ती मी बंद करून टाकली. साठाव्या चालीला ते पांढऱ्याचे ९९ टक्के दाखवतं, कारण ते स्वतः तिथून हरणार नाही. आम्ही बापलेक मात्र तिथून पुढे दोनदा तीस गुण इकडचे तिकडे करतो. नवशिक्यानं गुणांचा आलेखच बघावा.

पहिला महिना वाया गेला, कारण मी फक्त सुचवलेली चाल बघत होते. बघायची, पटायची, पुढे जायची. पुढच्या डावात काही बदललेलं नसायचं. मग मी पद्धत बदलली. डावाच्या पहिल्या साठच चाली घ्यायच्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या नुकसानीच्या तीन चाली शोधायच्या (काट्रेन त्यांवर लाल-जांभळा ठिपका ठेवतं). इंजिनचं उत्तर उघडण्याआधी आपण आता कुठे खेळलो असतो ते फळीवर बोट ठेवून ठरवायचं, कारणासकट वहीत लिहायचं, आणि मगच बघायचं.

वीसेक डाव झाल्यावर वहीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. नुकसानीच्या बहुतेक चालींत मी बाबांनी नुकत्याच ठेवलेल्या खड्याला चिकटून उत्तर दिलं होतं. त्या जागेपुरती चाल बरी असायची. पण तिथं खरं उत्तर द्यायची गरजच नव्हती आणि पलीकडे अख्खा कोपरा मोकळा पडलेला होता. जपानी खेळाडू अशी जागा सोडून दुसरीकडे खेळण्याला तेनुकी म्हणतात. समोरच्याला उत्तर द्यायलाच लागेल अशी चाल म्हणजे सेंते, आणि आपल्या चालीनंतर पुढाकार त्याच्याकडे गेला तर गोते. मी दर वेळी लढाईचा शेवटचा घास घ्यायला थांबायची आणि गोतेत संपवायची. बाबा मोकळ्या कोपऱ्यात जायचे.

हे मी बाबांना दाखवलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "अगं, हे बांधाचं भांडण झालं. दोघे भाऊ हातभर बांधासाठी कोर्टात, आणि शेत पडीक." आमच्या गावाकडे असं भांडण त्यांनी जवळून पाहिलंय. तेव्हापासून घरात तेनुकीला 'बांध सोडणं' असंच नाव पडलं.

कोपरे आधी का, हे मला मोजल्यावर पटलं. नऊ बिंदूंचा चौकोन कोपऱ्यात बंदिस्त करायला सहा खडे लागतात, कडेला नऊ आणि मध्ये बारा. चिनी म्हण आहे: कोपरा सोन्याचा, कड चांदीची, पोट गवताचं. फळीवर बटणं लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

यापुढचा धडा मला अवघड गेला. माझा खडा कोपऱ्यात चार-चारच्या बिंदूवर (दोन्ही कडांपासून चौथी रेघ), आणि बाबा त्याच्या पोटात तीन-तीनवर शिरायचे. कोपरा त्यांना मिळायचा, मला बाहेरून भिंत. मी ती भिंत कुठल्याही बाजूला उभी करायची. काटागो दर वेळी एकाच बाजूवर ठाम असायचं: जिकडे मोकळी जागा जास्त आणि माझा दूरचा खडा आधीच उभा आहे, तिकडून अडवा. म्हणजे या कोपऱ्यातली चाल त्या कोपऱ्यातल्या खड्यानं ठरते. शिचोत, म्हणजे पळणाऱ्या खड्याला एकेक चालीनं कोंडत नेऊन पकडण्यातही तेच. पळणारा खडा जिन्यासारखा तिरका पटभर धावतो आणि समोरच्या कोपऱ्यात त्याचा एक सोबती बसलेला असेल तर पकडणाऱ्याचीच भिंत फाटते. शिचो मला ९ बाय ९वर पाठ होता, पण तिथून दूरवर बघायची सवय लागली नव्हती.

भिंत मिळाल्यावर तिला चिकटून घर बांधणं, म्हणजे तिथलीच जागा वेढणं, ही माझी दुसरी मोठी चूक. भिंतीजवळ दहा गुण मिळवायची आणि खूश व्हायची. इंजिन मात्र बाबांच्या कमकुवत गटाला त्या भिंतीकडे हाकत न्यायचं, आणि पळता पळता समोरच्या बाजूला आपलं घर तयार करायचं. हे समजायला तीन महिने लागले आणि अजून जेमतेम निम्म्या डावांत जमतं.

इंजिन कारण सांगत नाही, ही त्याची मर्यादा आहे. चाल आणि गुण दिसतात, 'का' आपण शोधायचं. दोन चालींत अर्ध्या गुणाचा फरक असेल तर आमच्या पातळीला तो शून्य समजावा. मी सुरुवातीला अशा फरकांवर तास घालवले. शिवाय त्याचं सुचवणं पुढच्या वीस चाली अचूक वाचणाऱ्यासाठी असतं. ते एखादा गट निर्धास्त सोडून जातं, मी सोडला तर तो मरतो. म्हणून आता मी स्वतःला विचारते: हा गट हल्ला झाल्यावर मला जगवता येईल का? नाही, तर आधी तो सांभाळायचा, मग मोठी जागा. जुने खेळाडू हेच सांगतात, तातडीची जागा मोठ्या जागेच्या आधी.

कारणं शोधण्यासाठी आम्ही जुने डाव बटणांनी लावायला लागलो. १८४६ मध्ये ओसाकात सतरा वर्षांचा जपानी खेळाडू शुसाकू हा गो खेळाडूंच्या इनोउए घराण्याचे प्रमुख गेन्नान इनसेकी यांच्याशी खेळला, तो डाव लावायला आम्हाला दोन रविवार लागले. १२७वी चाल पटाच्या मध्यावर येते. ती वर काळ्याचा प्रदेश वाढवते, उजवीकडच्या पांढऱ्या ताकदीची धार कमी करते, डावीकडे शिरायला वाट ठेवते आणि खाली अडचणीतल्या चार काळ्या खड्यांना आधार देते. बघत असलेल्या वैद्यानं म्हणे इनसेकींचे कान लाल झालेले पाहून शुसाकू जिंकणार हे ओळखलं. काळा दोन गुणांनी जिंकला. बाबा त्या बटणावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले होते. एका खड्यानं चार दिशांना काम करायचं म्हणजे काय, हे मला कुठल्याही आलेखापेक्षा त्या दुपारी जास्त समजलं.

आता बाबा मला दोन खडे जास्त देऊन खेळतात, सुरुवातीला चार द्यायचे. लढाईत ते अजूनही माझ्यापेक्षा बरेच पुढे आहेत.

काटागो कुणी घ्यावं? ज्याचे पूर्ण पटावर निदान पन्नास डाव माणसाशी झालेत त्यानं. त्याआधी खडे कैद कसे होतात, गटाला जगायला दोन डोळे (आतले दोन वेगवेगळे रिकामे बिंदू) का लागतात, हे हातात बसलेलं नसतं आणि गुणांचे आकडे नुसते घाबरवतात. आणि रोज एकापेक्षा जास्त डाव तपासू नका. मी तीन तपासायची तेव्हा वहीत काही लिहिलं जायचं नाही.