लाकूड सुकवायच्या भट्टीला कंट्रोलर: तयार घ्यावा की घरी बांधावा?

भट्टीची खोली झाली, पंखे-हीटर बसले, की गाडी कंट्रोलरवर येऊन अडते. तापमान-आर्द्रतेचा तयार कंट्रोलर आणून लावायचा, की ईएसपी३२ (प्रोग्राम टाकता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेऊन स्वतः जुळवायचा? मी नागपुरात दोन्ही वापरून पाहिले आहेत. लाकूड बहुतेक सागवान, थोडं आडजात. घरच्या फर्निचरपुरतं काम.

तयार कंट्रोलरची बाजू लंगडी नाही. तो झटकन जोडून होतो, कुठल्याही इलेक्ट्रिशियनला समजतो, आणि तुम्ही गावाला गेलात तरी घरचं कुणीही बटण दाबून आकडा बदलू शकतं. घरी बांधलेल्याचं तसं नाही. कुठली तार कुठे गेली हे कागदावर नसेल, तर दुसऱ्याला त्यात हात घालता येत नाही.

माझं मन बदललं ते तयार कंट्रोलरच्या आर्द्रतेच्या प्रोबमुळे, म्हणजे भट्टीत लटकवायच्या सेन्सरमुळे. ओलं लाकूड तापलं की आंबूस वास सुटतो, त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. ते आणि वर साचणारं दव या प्रोबना मानवत नाही. ओल्या फळ्यांचा थर लावला की माझ्याकडचा आकडा ९९ वर जाऊन बसायचा आणि आतल्या भिंती कोरड्या पडल्या तरी खाली उतरायचा नाही. आत दमट आहे असं समजून कंट्रोलर व्हेंट (दमट हवा बाहेर सोडायचं झडप) उघडाच ठेवायचा. मे महिन्यातली नागपूरची हवा तशी आत शिरत राहिली की फळ्यांच्या टोकांना भेगा पडल्याच म्हणून समजा. प्रोब बदलून पाहिला. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. चांगल्या सागवानाला गेलेली भेग काही भरून येत नाही, म्हणून हा त्रास मला फार लागला.

घरच्या कंट्रोलरमध्ये आर्द्रतेचा सेन्सरच नाही. स्टीलच्या नळीतले दोन डीएस१८बी२० (तापमानाचे सेन्सर) आहेत: एक उघडा, दुसऱ्यावर सुती वात, वातीचं टोक डिस्टिल्ड पाण्याच्या डबीत, दोन्ही पंख्याच्या झोतात. ओली वात पाणी उडून थंड होते; हवा जितकी कोरडी तितका दोघांतला फरक मोठा. कोरडा ५० अंश आणि ओला ४५ दाखवत असेल तर आत साधारण ७५ टक्के आर्द्रता. कंपनी अर्ध्या अंशाची अचूकता सांगते, पण इथे सगळा खेळ वजाबाकीचा. म्हणून दोन्ही सेन्सर आधी एकाच कोमट पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक टिपून ठेवा. वीज जाऊन आली की हा सेन्सर पहिला आकडा ८५ सांगू शकतो. तो प्रोग्राममध्येच टाकून द्या.

वातीचीही कटकट आहे, नाही असं नाही. बोअरचं पाणी घातलं तर ती क्षाराने कडक होते. वाळली तर दोन्ही आकडे सारखे येतात, म्हणजे हिशेबाने आर्द्रता १०० टक्के. पण हा बिघाड ओळखता येतो: फरक बराच वेळ अर्ध्या अंशाखाली राहिला की हीटर बंद, व्हेंट बंद, भोंगा सुरू. अडकलेल्या प्रोबचं खोटं मला बाहेरून कधीच कळलं नाही. शिवाय उन्हाळ्यात व्हेंट अर्धा मिनिट उघडून, थांबून, पुन्हा आकडा बघणं प्रोग्राममध्ये सहज बसतं. माझ्याकडच्या तयार कंट्रोलरला उघडा किंवा बंद एवढंच जमायचं.

तुमचा धंदाच लाकूड सुकवण्याचा असेल, लोकांचा माल भट्टीत असेल, तर सर्व्हिसची हमी असलेलं पूर्ण पॅनेल घेणं कदाचित बरं. लहान भट्टीला मात्र मी घरचाच बांधेन. फक्त हीटर छोट्या रिलेवर टाकू नका, काँटॅक्टर (जास्त करंटचा मोठा रिले) लावा. एसएसआर (हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) वापरणार असाल तर तो बिघडताना बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. तेव्हा हीटरच्या वायरीत एक साधा मेकॅनिकल थर्मोस्टॅट वेगळा घाला, प्रोग्रामशी त्याचा काही संबंध नको.