राणी मुंगी शोधायची कुठे: गच्चीत की टेकडीवर?

घरी मुंग्यांची वसाहत पाळायची तर सुरुवात मीलन झालेल्या राणीपासून. जूनमधला दमदार पाऊस थांबला की पुण्यात गच्चीतल्या दिव्याखाली पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. हातात चहा घेऊन शोधता येतं, एवढीच त्यातली सोय. कारण त्यातली बरीचशी निघते वाळवी: चारही पंख सारखे, मिशा सरळ, कंबर नाहीच. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मोठे. त्यात पुन्हा सडपातळ, लहान डोक्याचे नर. आणि पंख शाबूत असलेल्या राणीचं मीलन झालंय की नाही, कसं ओळखणार?

वेताळ टेकडीवर मी कितीदा चिखल तुडवून रिकाम्या हातानं परतलोय. तरी माझं मत टेकडीलाच. पायवाटेवर एकटीच लगबगीनं बीळ शोधणारी, पंख टाकलेली, फुगीर छातीची मुंगी दिसली की ती बहुधा मीलन झालेली राणीच. मुंगळ्याची असेल तर उत्तम: तिला ओला कापूस घातलेल्या परीक्षानळीत, अंधारात ठेवायचं. पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत ती काही खात नाही. अंगातली चरबी आणि निकामी झालेले पंखांचे स्नायू जिरवून पिल्लं पोसते. वारूळ मात्र खणायचं नाही.