प्रेशर पॉट: आठ महिने आणि बादलीभर वाया गेलेले फासे

टेबलटॉप गेम्ससाठी रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचे, फासे ओतते आणि विकते. सातांचा संच: डी४, डी६, डी८, डी१२, डी२० आणि दोन डी१०, त्यातला एक टक्क्यांचा (दहाच्या पटीतले आकडे असलेला). ‘डी’ म्हणजे फासा, पुढचा आकडा त्याच्या बाजूंचा. सुरुवातीला प्रेशर पॉट, म्हणजे साचे आत ठेवून दाबानं हवा भरायचं बंद भांडं, नव्हता. रेझिन कोमट करायचं, हळू ढवळायचं, बारीक धारेनं ओतायचं आणि सकाळी साचा उघडून कपाळावर हात मारायचा. पारदर्शक फाशात टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडासुद्धा लपत नाही, आणि तो नेमका आकड्याच्या कोपऱ्यात बसतो.

म्हणून दहा लिटरचा पॉट घेतला. चाळीस पीएसआयवर (हे दाबाचं एकक) चालवते. त्या दाबाला बुडबुड्याचं आकारमान जेमतेम पाव उरतं. ऐकायला भारी वाटतं, पण व्यास मात्र एक तृतीयांशानंच घटतो. म्हणजे बारीक फेस डोळ्यांना दिसेनासा होतो, मोठा बुडबुडा थोडा बारीक होऊन तिथंच राहतो. हे कळायला मला दोन महिने लागले. पॉट आहे म्हणून बिनधास्त ढवळलं की फसलात.

दुसरा धडा जास्त महागात पडला. माझे जुने सिलिकॉनचे साचे दाबाशिवाय घट्ट झालेले होते. सिलिकॉनच्या पोटात हवा होती. पॉटमध्ये दाब चढला की ती आक्रसायची, तिथं रेझिन घुसायचं आणि फाशाच्या अंगावर पुळ्या उठायच्या. मी आठवडाभर रेझिनला शिव्या घातल्या. शेवटी सगळे साचे पुन्हा ओतले, या वेळी दाबाखाली, आणि पुळ्या गेल्या.

एकदा घाईत बारा तासांनीच हवा सोडली. रेझिन अजून मऊ होतं, दडलेले बुडबुडे परत फुगले. आता चोवीस तास हात लावत नाही. एका वेळी चार साचे मावतात, म्हणजे दिवसाला चार संच, त्याहून जास्त नाही. ऑर्डर घेताना हे गणित आधी करा.

पॉटच्या तक्रारी दोन. दाब दाखवणारं गेज सुरुवातीपासून थोडं जास्त दाखवतं, वेगळं लावून ताडून पाहिल्यावर कळलं. आणि रात्रीतून दाब उतरायचा. साबणाच्या पाण्यानं गळती शोधली, तर झाकणाचं गॅस्केट, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं. झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं आवळले की बरंच थांबतं. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र चोख आहे, दर महिन्याला कडी ओढून बघते. व्हॉल्व्ह नसलेला पॉट कुणी फुकट दिला तरी घरात आणू नका.

पॉटनं वेळ वाचेल असं वाटत असेल तर विसरा. साच्याच्या झाकणाखाली येणारी फाशाची बाजू घासावीच लागते. तीस मायक्रॉनच्या खरखरीत घासकागदापासून एक मायक्रॉनच्या अगदी बारीक कागदापर्यंत, पाण्यात भिजवून. जोर जास्त झाला की ती बाजू तिरकी होते आणि फासा एकीकडे झुकतो. असे मी विकत नाही. बादलीत जातात. आकड्यांत रंग भरणं त्यामानानं विश्रांतीच.

हातमोजे आणि रेझिनच्या वाफांसाठीचा मास्क पॉटसोबत येत नाही, पण पॉटच्या आधी तेच घ्या. एपॉक्सीची, म्हणजे या रेझिनची, ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

फासे विकायचे असतील तर पॉट घ्या. स्वतःपुरते दोन संच करायचे असतील तर गडद, अपारदर्शक रंग वापरा, बुडबुडे कुणाला दिसणार नाहीत. माझं गॅस्केट आता चपटं झालंय. सुटं मिळालं तर हाच पॉट चालवेन. पुढचा घेताना मात्र आधी गॅस्केटची चौकशी करणार.