भाड्याच्या घरातल्या बॉल पायथनसाठी पीव्हीसी एन्क्लोजर: ४ बाय २ बाय २ फूट

अमेरिकेत अपार्टमेंट भाड्याने घेऊन राहणाऱ्याने बॉल पायथनसाठी (हा पाळला जाणारा छोटा, बिनविषारी अजगर) काचेची टाकी घेऊ नये. सुट्या फळ्या स्क्रूने जोडायचं, पुढून सरकत्या काचांचं पीव्हीसी एन्क्लोजर, म्हणजे कडक प्लास्टिकची पेटी, घ्यावं. हीटर आणि थर्मोस्टॅट सोडूनच किंमत ३०० डॉलरच्या आसपास किंवा वर जाते. पण हा साप २० ते ३० वर्षं जगतो, तेवढ्यात भाडेकरू किती घरं बदलेल याचा विचार केला तर ही किंमत रास्त आहे.

खरेदीआधी करार वाचा. पाळीव प्राण्यांच्या कलमात पुष्कळदा फक्त कुत्रा-मांजर धरलेलं असतं आणि टाकीला गॅलनची मर्यादा असते. ती मर्यादा पाणी सांडून खालच्या मजल्यावर गळू नये म्हणून घातलेली असते. विक्रेते मात्र याच मापाला '१२० गॅलन' म्हणतात, आणि तो आकडा परवानगीच्या अर्जात लिहिला की इमारतीच्या ऑफिसात धास्ती बसते. माप फुटांत लिहा, आत पाण्याचं एक वाडगंच असतं हे स्पष्ट सांगा, सोबत कुलपाचा फोटो जोडा. परवानगी तोंडी नको, ईमेलवर घ्या. राज्याचा कायदाही तपासा: हवाईत साप पाळायला पूर्ण बंदी आहे, न्यू जर्सीत अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी परवाना लागतो. भारतात परतताना साप सोबत नेण्याचा बेत असेल तर आयातीचे आणि नोंदणीचे नियम आधी पाहा. भारतातले देशी साप पाळणं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

जोडणी सोपी आहे, पण घाई नडते. आधी तळ आणि मागची फळी, मग दोन्ही बाजू, शेवटी वरची फळी. सगळे स्क्रू अर्धवट बसवून घ्या आणि समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ४८ बाय २४ इंचाच्या चौकटीत ते सुमारे ५३.७ इंच यायला हवेत. आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, दोन्ही कर्ण सारखे मात्र हवेतच. चौकट तिरकी राहिली की काच एका कोपऱ्यात अडकते, नाहीतर दुसरीकडे फट राहते. कर्ण जुळले की मगच स्क्रू आवळा, तेही हाताने. ड्रिल वापरलं तर पीव्हीसीतले आटे झिजतात आणि तो स्क्रू पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. सिलिकोन लावायचं तर मत्स्यालयाचं घ्या आणि फक्त तळाच्या सांध्यांना लावा. वरपर्यंत भरलंत तर पुढच्या घरी जाताना पातं घेऊन तासभर खरवडत बसावं लागेल. सिलिकोनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय साप आत सोडू नये.

सर्वांत कमकुवत जागा म्हणजे दोन काचा एकमेकींवर येतात तिथली उभी फट. मोठा साप तिथून जात नाही, पण पिल्लू नाक खुपसून काच सरकवतं. सोबत येणारी प्लास्टिकची पाचर पुरेशी नाही. सोनाराच्या दुकानातल्या शोकेसला असतं तसं दातेरी पट्टीचं कुलूप वेगळं घ्या. भाड्याच्या इमारतीत निसटलेला साप पाइपांच्या पोकळीतून शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये निघू शकतो, आणि त्यानंतर मिळालेली परवानगी टिकणं कठीण.

उष्णतेसाठी एन्क्लोजरच्या छताला आतून लावायचं ८० वॉटचं रेडियंट पॅनेल (खाली उष्णता सोडणारा सपाट हीटर) उत्तम. बसायच्या जागेचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५-२६, रात्री २२च्या खाली नको. पॅनेल निम्मा वेळ चालू राहतं असं धरलं तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज जाते. थर्मोस्टॅटशिवाय ते एक रात्रही चालवू नका. थर्मोस्टॅटचा सेन्सर क्लिपने पक्का करा: तो पाण्याच्या वाडग्यात पडला तर थर्मोस्टॅटला सगळं थंड वाटतं आणि पॅनेल थांबतच नाही. चिकटपट्टी आत नकोच, ती सापाच्या खवल्यांना चिकटून कातडी सोलते.

अमेरिकेतल्या हिवाळ्यात घरातली हीटिंग हवा कोरडी करून टाकते. जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टाकीत तेव्हा ६० ते ८० टक्के आर्द्रता राखायला रोज फवारावं लागतं आणि कार्पेट ओलं होतं. पीव्हीसीत नारळाच्या भुश्शाचा ३-४ इंचांचा थर घालून कोपऱ्यांत अर्धा लिटर पाणी ओतलं की बरेच दिवस भागतं. काचेवर दिवसभर थेंब दिसत असतील तर मात्र हवा कमी पडते आहे. तसंच राहू दिलं तर सापाला श्वसनाचा संसर्ग होऊ शकतो. एन्क्लोजर थेट कार्पेटवर ठेवू नका. स्टँड घ्या आणि भिंतीपासून दोन इंच सोडा, नाहीतर मागे बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून कापणी होते.

चार फुटांच्या छताला मधे आडवी पट्टी नसेल तर पॅनेलच्या वजनाने ते कालांतराने झुकतं आणि काच सरकायची वरची खाच काचेवर दाबते. पट्टी नसलेलं मॉडेल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

इमारतीत कीटकनाशक फवारणीची नोटीस आली की सापाला त्या दिवशी दुसऱ्या घरी हलवा. एन्क्लोजरची हवेची छिद्रं झाकून वाफ अडत नाही. घर बदलताना साप आधी गाठ मारलेल्या उशीच्या अभ्र्यात आणि तो अभ्रा झाकणाच्या डब्यात, मगच स्क्रू काढायला घ्या. प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने जागा लिहून ठेवा, आणि काचा गाडीत उभ्या ठेवा, आडव्या नाही.