धंदा हलवून सवलत घ्यायची की आहे तिथेच वाढायचं? अमेरिकेतल्या शहरांच्या मदतीची तुलना

समजा तुमचा 20 माणसांचा धंदा आहे, जागा पुरेनाशी झालीय, लीज संपायला वर्ष-दीड वर्ष उरलंय आणि कोणीतरी सांगितलं की अहो शहराकडून पैसे मिळतात, घ्या की. मिळतात, खोटं नाही. पण बरेच जण आधी जागा पसंत करतात, सही करून मोकळे होतात आणि मग स्कीम शोधत बसतात, तिथेच गाडी अडते.

ढोबळमानाने चार प्रकारची मदत असते: हलण्यासाठी टॅक्स क्रेडिट (म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम), आहे त्या बिल्डिंगच्या कामासाठी ग्रँट, शहराच्या मालकीची भाड्याची जागा, आणि नुसती माहिती नि सल्ला. गाजावाजा याच क्रमाने होतो. छोट्या धंद्याला उपयोग मात्र बरेचदा उलट्या क्रमाने होतो, असं माझं मत आहे.

टॅक्स क्रेडिटसाठी न्यूयॉर्कचं रीप बघा, म्हणजे रिलोकेशन अँड एम्प्लॉयमेंट असिस्टन्स प्रोग्रॅम. मूळ कल्पना सोपी आहे, मॅनहॅटनच्या गर्दीतून नोकऱ्या उचलून शहराच्या बाकीच्या भागात न्यायच्या. तुम्ही 96 व्या स्ट्रीटच्या दक्षिणेकडच्या मॅनहॅटनमधून किंवा शहराबाहेरून आलात आणि 96 व्या स्ट्रीटच्या वर किंवा बाकीच्या चार बरोमध्ये (शहराच्या मोठ्या विभागांना तिथे बरो म्हणतात, क्वीन्स, ब्रुकलिन हे त्यातलेच) गेलात, तर ठरलेल्या पट्ट्यात माणशी वर्षाला 3,000 डॉलर, 12 वर्षं. पट्ट्याच्या बाहेर गेलात तर 1,000. आता 20 माणसं गुणिले 3,000 म्हणजे वर्षाला 60,000, बारा वर्षांचे 7,20,000. आकडा बघून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल.

पण अटी वाचा. हलण्याआधी सलग 24 महिने धंदा चालू हवा. रिटेल आणि हॉटेलवाल्यांना नाही. नवी जागा भाड्याची असेल तर लीज निदान 3 वर्षांची आणि जागेच्या कामावर चौरस फुटाला 25 डॉलरपेक्षा जास्त खर्च झालेला हवा, म्हणजे 5,000 चौरस फुटांची जागा घेतली की सव्वा लाख डॉलर तर दारातच गेले, त्यात ट्रकचं भाडं, मशिनं परत बसवणं, आठवडाभर बंद पडलेलं काम हे काहीच धरलेलं नाही. दुसरं, 3,000 वाल्या क्रेडिटमध्ये हलल्याचं वर्ष आणि पुढची चार वर्षं टॅक्स कमी बसला तरी उरलेली रक्कम हातात मिळते, त्यानंतर मात्र टॅक्स असेल तरच उपयोग. नफा बेताचा असलेल्या धंद्याने म्हणून बारा वर्षांचा गुणाकार करूच नये, पहिल्या पाच वर्षांचाच करावा, तो 3,00,000 येतो. आणि सगळ्यात मोठी गंमत ही, की तुम्ही आधीपासून क्वीन्समध्ये आहात आणि क्वीन्समध्येच दोन गल्ल्या सोडून मोठ्या जागेत चाललायत, तर या दाराने तुम्हाला काही नाही. जो इमानेइतबारे तिथे राहिला त्याला ठेंगा आणि जो बाहेरून आला त्याला हार, असंच वाटतं, पण स्कीमचा हेतूच तो आहे, त्यामुळे रागवून फायदा नाही.

याच्या शेजारी शिकागोचा स्मॉल बिझनेस इम्प्रूव्हमेंट फंड ठेवा, सगळे त्याला एसबीआयएफ म्हणतात. इथे हलायची सक्तीच नाही. पैसा येतो टिफमधून. एखाद्या भागाचं प्रॉपर्टी टॅक्ससाठीचं मूल्य एका पातळीवर गोठवायचं आणि त्यावर जो वाढीव टॅक्स येईल तो त्याच भागात खर्च करायचा, अशी ती व्यवस्था, इलिनॉयमध्ये साधारण 23 वर्षं चालते, मुळात 1952 मध्ये कॅलिफोर्नियाने सुरू केलेली. छप्पर, दर्शनी भाग, वायरिंग, प्लंबिंग, हीटिंग अशा पक्क्या कामांच्या खर्चाचा 30 ते 90 टक्के भाग परत मिळू शकतो, किती ते धंद्याच्या आकारावर वगैरे ठरतं. उचलून नेता येईल असं मशीन किंवा माल यात बसत नाही.

रीपमध्ये तुमची माणसं मोजतात, इथे तुमचा पत्ता आणि तुमची बिलं. पत्ता टिफच्या हद्दीत नसेल, रस्त्याच्या पलीकडे असेल, तरी विषय संपला. आणि "परत मिळू शकतो" या शब्दांवर बोट ठेवा: आधी कॉन्ट्रॅक्टरला पैसे तुम्ही द्यायचे, काम पूर्ण करायचं, मग शहर देणार. मंजुरीच्या आधी काम सुरू केलंत तर त्याचे पैसे मिळत नाहीत. गळकं छप्पर पावसात थांबत नसतं हे मान्य, पण घाई केली की ग्रँट गेली. मधल्या काळासाठी बँकेचं कर्ज लागणार असेल तर त्याचं व्याज ग्रँटमधून वजा करूनच तुलना करा. शिवाय 2017 च्या फेडरल टॅक्स कायद्यानंतर कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेल्या कंपनीला शहराकडून मिळालेली अशी ग्रँट साधारणपणे उत्पन्नात धरली जाते, सीपीएला, म्हणजे तिथल्या सीएला, आधी विचारा, नंतर नको.

तिसरा प्रकार मला सगळ्यात शहाणा वाटतो, पण जागा मिळेल तर. ब्रुकलिन नेव्ही यार्ड हे ठळक उदाहरण: नौदलाने 1966 मध्ये बंद केलेली गोदी, शहराने विकत घेतली, आज 300 एकरांत कारखाने, वर्कशॉप, स्टुडिओ. जागा विकत नाहीत, भाड्यानेच देतात. फायदा असा की उद्या मालकाला तिथे फ्लॅट बांधायचेत म्हणून तुम्हाला बाहेर काढलं असं होत नाही, आणि उत्पादन करणाऱ्यांना टॅक्स सवलतीपेक्षा हीच भीती जास्त असते. तोटा असा की तुम्ही आयुष्यभर भाडेकरू, बिल्डिंगची वाढलेली किंमत तुमची नाही. ऑफिसवाल्याने यात पडायचं फारसं कारण नाही.

चौथा प्रकार कोलोरॅडोतल्या लिटलटनचा. 1980 च्या दशकात तिथल्या मोठ्या एम्प्लॉयरने हजारो लोकांना कमी केलं, तेव्हा 1987 पासून शहराने ठरवलं की बाहेरच्या कंपन्यांना आमिषं दाखवण्यापेक्षा इथल्याच छोट्या धंद्यांना वाढवू. इकॉनॉमिक गार्डनिंग हे नाव तिथलं. रोख रक्कम नाही. मार्केट रिसर्च, महागड्या डेटाबेसमधली माहिती, गिऱ्हाईक कुठल्या भागात आहे त्याचे नकाशे. ऐकायला फिकं वाटतं, पण पाच-दहा माणसांच्या धंद्याला एक चांगली गिऱ्हाइकांची यादी पाच वर्षांच्या क्रेडिटला भारी पडू शकते, आणि ती घेताना कोणी तुम्हाला किती वर्षं इथे राहणार असं लिहून मागत नाही.

कारण मोठ्या सवलतींत तेच मागतात. वाटाघाटी करून दिलेल्या पॅकेजमध्ये क्लॉबॅक असतो, कबूल केलेल्या नोकऱ्या दिल्या नाहीत तर पैसे परत करा. हे कलम छोट्या अक्षरात असो वा मोठ्या, वकिलाकडून वाचून घ्या.

शहरांना या पैशाचा किती फायदा होतो हा वेगळा वाद आहे. अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी 2018 मध्ये अंदाज काढला होता की सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी साधारण 2 ते 25 टक्क्यांचाच निर्णय सवलतीमुळे बदलतो, बाकीच्यांनी तसंही तेच केलं असतं. कॅन्सस सिटीत तर कॅन्सस आणि मिसुरी या दोन राज्यांची हद्द शहरातूनच जाते, त्यामुळे कंपन्या वर्षानुवर्षं सवलतीसाठी इकडून तिकडे उड्या मारायच्या, अ‍ॅपलबीज या रेस्टॉरंट साखळीचं मुख्यालय 2011 मध्ये कॅन्ससमधून मिसुरीच्या बाजूला आलं आणि 2015 मध्ये थेट कॅलिफोर्नियाला गेलं. शेवटी 2019 मध्ये दोन्ही राज्यांनी ही ओढाओढ थांबवायचं ठरवलं. अशा हद्दीजवळ असाल तर जुन्या गोष्टी ऐकून हिशेब मांडू नका.

मग तुम्ही काय करायचं? मॅनहॅटनमधलं ऑफिस असेल, भाडं झेपत नसेल आणि हलायचं पक्कंच असेल तर रीप बघा. स्वतःची बिल्डिंग असेल किंवा लीज लांबची असेल आणि जागा फक्त जुनाट असेल तर ग्रँट. आवाज, धूळ, ट्रक असलं काम असेल तर शहराच्या जागेची वेटिंग लिस्ट आजच लावा. आणि विक्रीच वाढत नसेल तर जागा बदलून काही होणार नाही, आधी चौथ्या खिडकीवर जा.

हलायचंच ठरलं तर एक काम ब्रोकरला फोन करण्याआधी करा. सगळ्या कामगारांच्या घरचे झिप कोड एका कागदावर लिहा आणि नव्या जागेपर्यंत प्रत्येकाला सकाळी किती वेळ लागेल ते समोर मांडा. रीपमध्ये आठवड्याला 35 तास काम करणारा एक पूर्ण माणूस धरतात. 20 पैकी 5 जणांना प्रवास नको झाला, ते सोडून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही, की त्या वर्षीचे 15,000 डॉलर गेले, शिवाय नवी माणसं शिकवण्याचा खर्च वेगळा.