डाळिंब बागेतील किडींच्या मोजणीसाठी चिकट सापळे : एका बहाराचा अभिप्राय

सोलापुरातील कृषी सेवा केंद्रांत पिवळे आणि निळे चिकट सापळे, म्हणजे रंगाकडे येणारी कीड चिकटून बसावी म्हणून डिंक लावलेली रंगीत पाने, आता सहज मिळतात. विक्रेते बहुधा फवारणी वाचवणारे साधन म्हणून त्यांची शिफारस करतात. आम्ही मात्र ते भगवा वाणाच्या बागेत, मृग बहारात (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फुलोऱ्यात), फुलकिडे, मावा आणि पांढरी माशी यांची संख्या कशी वाढते किंवा घटते हे पाहण्यासाठी लावले. हा अभिप्राय त्याच उपयोगापुरता आहे.

घेतलेले सापळे सहा बाय आठ इंचांचे, दोन्ही बाजूंना डिंक असलेले आणि चौकटी छापलेले होते. सापळा निवडताना या चौकटी अवश्य पाहाव्यात. फुलकिडा जेमतेम एक-दीड मिलिमीटर लांबीचा असल्यामुळे उभ्या उभ्या नजर टाकून त्याची संख्या सांगता येत नाही; दहापट भिंगाखाली एकेक चौकट तपासली, तरच त्याचे झालर लावल्यासारखे अरुंद पंख दिसतात आणि तो पाचरीच्या आकाराच्या तुडतुड्यापासून वेगळा काढता येतो. ओळख पटत नसेल, तर सापळ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे आणि तो केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावा.

फुलकिड्यांसाठी निळा सापळाच हवा, असे दुकानात ठामपणे सांगितले जाते. डाळिंबाच्या बाबतीत हा सल्ला अपुरा आहे, कारण फळाच्या सालीवर खरबरीत चट्टे पाडणारा, मिरचीवरही आढळणारा फुलकिडा निळ्यापेक्षा पिवळ्या रंगाकडे अधिक ओढला जातो. उलट, शेजारी कांदा असेल तर बांधालगतचा निळा सापळा कांद्यावरील फुलकिड्यांनी भरून जाऊ शकतो आणि त्या गर्दीवरून बागेत फवारणी करणे म्हणजे शेजारच्या पिकाची कीड आपल्या खर्चाने मोजणे होय. म्हणून सापळ्यावरील आकड्याबरोबर कोवळे शेंडे पांढऱ्या कागदावर झटकून पाहणे आवश्यक आहे. फुलकिड्यांच्या पिलांना पंख नसतात, त्यामुळे ती सापळ्यावर क्वचितच येतात. कागदावर मात्र दिसतात.

डिंकाचा दर्जा चांगला वाटला. पावसाच्या सरींनी तो धुतला गेला नाही. आपल्याकडील खरा शत्रू धूळ आहे. कच्च्या रस्त्यालगतच्या ओळीतील सापळ्यांवर धुळीचा थर बसून चिकटपणा लवकर गेला, तर बागेच्या मधल्या भागातील सापळे बराच काळ कामाचे राहिले. या दोन ठिकाणच्या आकड्यांची थेट तुलना केली, तर रस्त्याकडे कीड कमी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल. त्यामुळे सर्व सापळे एकाच दिवशी बदलावेत, झाडाच्या शेंड्यांच्या उंचीवर टांगावेत आणि मागील बाजूस तारीख व ओळ क्रमांक लिहावा. आणखी एका कंपनीचे स्वस्त सापळेही आणले होते. त्यांचा डिंक उन्हात ओघळून खालच्या कडेला जमा झाला, त्यामुळे ते मोजणीसाठी निरुपयोगी ठरले.

फळ पोखरणारी अळी आणि खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगेरा यांचा अंदाज या सापळ्यांवरून येत नाही; त्यासाठी फळे आणि खोडे प्रत्यक्ष तपासावी लागतात. शिवाय ढालकिडे आणि क्रायसोपा (दोन्ही मावा खाणारे कीटक) आणि मधमाश्याही डिंकाला चिकटतात. मित्रकीटकांची ही हानी पाहता, कीड मारण्याच्या आशेने बागभर सापळे टांगणे योग्य वाटत नाही. मोजणीपुरते मोजकेच लावावेत आणि फुले भरात असताना निळे सापळे काढून ठेवावेत. चौकटीचे पिवळे सापळे पुढील बहारासाठी पुन्हा घेणार आहोत. निळे फक्त कांद्याकडच्या बांधापुरते.