मूडल की गूगल क्लासरूम? आधी सर्व्हर कोण सांभाळणार ते ठरवा

सोमवारी तास आहे, नोट्स आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोचवायचेत, एवढीच गरज असेल तर फार विचार करू नका, गूगलचं ऑनलाइन वर्गाचं साधन, गूगल क्लासरूम, घ्या. वर्ग तयार करायचा, मिळालेला कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, झालं. 2014 साली आलेलं हे साधन 2017 पासून साध्या जीमेल खात्यावरही चालतं, त्यामुळे घरगुती शिकवणीलाही सोयीचं.

मूडल हेही ऑनलाइन वर्ग चालवायचंच साधन, पण ते आपल्या सर्व्हरवर बसवावं लागतं, असं चुटकीसरशी उभं राहत नाही. ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामस यांनी घडवलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरची 1.0 आवृत्ती 2002 मध्ये आली. सॉफ्टवेअर फुकट, पण गाय फुकट मिळाली तरी चारा आपलाच. सर्व्हरचं (साइट जिथून चालते त्या संगणकाचं) भाडं, मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी, माहिती साठवणारा डेटाबेस, बॅकअप, वेळोवेळी अपडेट. शिवाय साचलेली कामं आपोआप उरकणारं क्रॉन नावाचं काम सर्व्हरवर दर मिनिटाला चालावं लागतं. ते बसवायचं राहिलं तर साइट ठणठणीत दिसते, पण सूचनांच्या मेल आतच अडकतात आणि सर मुलांवर ओरडत बसतात.

मग हा खटाटोप कशाला? माझ्या मते मुख्यतः परीक्षेसाठी. मूडलच्या प्रश्नपेढीत घटकवार 200 प्रश्न भरा. प्रत्येकाला त्यातले वेगळे 20 येतील, चुकीला उणे गुणही ठेवता येतील. क्लासरूममध्ये चाचणी गूगल फॉर्म्सवर घेतात. तिथे प्रश्नांचा क्रम बदलतो, पण प्रश्न सगळ्यांना तेच. शेजारच्या बाकाला एवढं पुरतं!

मराठी माध्यमवाल्यांना एक सावधगिरीचा इशारा. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर दोन्हीकडे अक्षरांचा खिचडा होईल. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत आणा. मूडलमध्ये साध्या टेक्स्ट फाइलमधून एका दमात प्रश्न चढवता येतात. त्यासाठी प्रश्न लिहायची एकेन नावाची सोपी पद्धत आहे; तिच्यात उत्तराची ओळ आणि पर्यायांची अक्षरं मात्र इंग्रजीतच लागतात.

गावाकडे रेंज येते-जाते. मूडलच्या ॲपमध्ये धडा उतरवून ठेवता येतो, शिक्षकाने परवानगी दिली असेल तर चाचणीही नेटविना सोडवता येते.

आयआयटी मुंबईत मूडल चालतं, असं सांगून कुणी गळ घालेल. त्यांच्याकडे संगणक केंद्र आहे; तुमच्याकडे बहुधा प्रयोगशाळेतले एक सर, आणि तेही जूनमध्ये प्रवेशांच्या कामात. निर्णय होत नसेल तर मूडलच्या सँडबॉक्स, म्हणजे सरावाच्या साइटवर हात साफ करून बघा. फक्त ती दर तासाला कोरी होते, मेहनतीने केलेलं काही तिथे ठेवू नका.